‘खालचे’: विहिरीच्या तळाशी शरीर घडवणाऱ्या एका मंडळीची गोष्ट लिहिते आहे, मदत हवी

केळीचं_पान (धागाकर्ती)
रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून एक दीर्घकथा डोक्यात आहे. लिहायला बसले आणि अडले. इथे खान्देशातले आणि खान्देशाबद्दल जाणणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

कथा पूर्ण काल्पनिक आहे. रावेर-यावल पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी एक गाव. साल १९७२, दुष्काळाचं. विहिरींनी तळ गाठलाय, त्या खोल करायला खोदणाऱ्यांच्या टोळ्या फिरताहेत. बाकीचा गाव दुष्काळी कामावर खडी फोडतोय, सुकडी खातोय. अशा वेळी गावातली काही माणसं रात्री घरात नसतात. पहाटे परत येतात ती लंगडत, नाहीतर हाताला फडकं बांधून. गाव त्यांना ‘खालचे’ म्हणतं, त्यापलीकडे नाव नाही.

हे खालचे एका सोडून दिलेल्या विहिरीत भेटतात. तळाशी खोदणाऱ्यांनी काढलेलं आडवं भुयार आहे. तिथे ते आपलंच शरीर घडवतात. एका माणसाने एका वर्षी एकच अवयव निवडायचा आणि तो हळूहळू, दुखवून, हवा तसा करायचा. कोणी मोडून बसलेली बोटं सरळ करतो, कोणी आखडलेला खांदा मोकळा करतो, आणि काही जण तर माणसाला नसतो असा आकार मागतात. नियम एकच: ज्याचं अंग त्याचाच हात. दुसऱ्याने फक्त शेजारी बसायचं.

हे सुचलं माझ्या आजीवरून. ती बहात्तरला खडी फोडायला होती. उजव्या हाताची करंगळी तेव्हा चेचली गेली आणि वाकडीच राहिली. पुढे आयुष्यभर ती भाकरी थापायची तेव्हा कडेला चंद्रकोरीसारखी एक खूण उमटायची, त्या करंगळीची. ताटात चार जणींच्या भाकरी असल्या तरी आम्ही भावंडं आजीची भाकरी खुणेवरून ओळखायचो आणि त्यावरून भांडायचो. ती गेल्यावर मला कळलं की जी खूण आम्हाला एवढी प्रिय होती ती एका मुकादमाच्या घाईने तिच्या हातावर ठेवलेली होती. त्याने तिला विचारलं नव्हतं. कथेतली बाई म्हणते, “हे बोट कामाने घडवलं. आता पुढचं मी घडवीन.”

तर अडचणी अशा. एक, माणूस आपणहून एवढं दुखणं पत्करेल हे वाचकाला पटेल का? दोन, दुखणं लिहायचं कसं? मला तसा अनुभव नाही, आणि खोटं लिहायची भीती वाटते. तीन, त्या भागात असं भुयार असू शकतं का?

---

नाना_अमळनेर
रविवार, रात्री १०:५५

ताई, विषय फार वेगळा घेतलात. शुभेच्छा.

जागेसाठी पेवाचा विचार केलात का? आमच्या लहानपणी गावात अजून दोन-तीन पेवं होती, ज्वारी साठवायची. काळ्या रानात पेव टिकत नाही, ओल धरतं. गावठाणाच्या पांढऱ्या मातीत खोदायचे. वरून तोंड एका माणसापुरतं, आत उतरलं की सात-आठ माणसं बसतील एवढी पोकळी. गुप्त मंडळीला याहून चांगली जागा नाही, कारण पेव घराच्या ओसरीखाली असायचं आणि वरून नुसती फरशी दिसायची.

पण एक लक्षात ठेवा. पेव उघडल्यावर लगेच कोणी उतरायचं नाही. आत कोंडलेली हवा जीव घेते. तोंड उघडून ठेवायचं, वाफ जाऊ द्यायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर त्या दिवशी उतरायचं नाही. तुमचे खालचे रोज रात्री आधी कंदील सोडत असतील. तिथून प्रसंगाची सुरुवात करता येईल.

---

मुरूम
रविवार, रात्री ११:३०

मी भूजलाच्या कामात आहे, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

खान्देशची जमीन सगळीकडे सारखी नाही. तापीच्या दक्षिणेला काळा पाषाण. तिथे विहीर म्हणजे सुरुंग, घण आणि पहार. भिंत उभी राहते, पण आडवं भुयार काढायला आयुष्य जाईल. तापीकाठी पिवळसर गाळाची माती, शेकडो फूट खोल, आणि पाण्याने तिच्या घळी पडलेल्या. तिथे खोदणं सोपं, पण ती ढासळते. तुमचं गाव आहे सातपुड्याच्या अगदी पायथ्याला. तिथे डोंगरातून वाहून आलेले गोटे, रेती, वाळू असा जाड थर आहे. पावसाचं पाणी त्यात बघता बघता मुरतं. म्हणूनच त्या पट्ट्यात केळी उभी राहिली, आणि म्हणूनच आता तिथे पाणी खोल खोल चाललंय. अशा थरात विहीर बांधीव लागते, नुसती खोदून ठेवली तर एका पावसाळ्यात बुजते.

मग भुयार अशक्य का? नाही. रावेरपासून जवळच बऱ्हाणपूर आहे. आज मध्य प्रदेशात असलं तरी ती जुन्या खान्देशची राजधानी, फारुकी राजांची. तिथला कुंडी भंडारा बघून या. १६१५ च्या सुमाराचं काम, अब्दुल रहीम खानखानाच्या काळातलं. सातपुड्यातून मुरत येणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहराला आणलंय. वर ओळीने शंभराच्या वर कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी तोंडं, आणि खाली त्यांना जोडणारा बोगदा. पंप नाही, मोट नाही, नुसत्या उतारावर पाणी चालतं. आजही चालतं.

मी उतरलोय तिथे. साधारण ८० फूट खाली. पाणी गुडघ्याच्या आसपास, आणि भिंतींना चुन्याचा पांढरा थर. पाण्यातले क्षार चारशे वर्षं साचत आलेत, त्यामुळे बोगद्याचा मूळ आकार हरवलाय. कुठे भिंत फुगलेली, कुठे छत ओघळल्यासारखं खाली आलेलं. हात लावला तर गुळगुळीत, ओला आणि गार. एखादा अवयवच वाटतो.

तुमचं भुयार अशाच एखाद्या जुन्या, विसरलेल्या कामाचा तुकडा असू शकतं. विहीर खोदताना बहात्तरच्या टोळीची पहार पोकळीत गेली आणि ते सापडलं. खोदणाऱ्यांनी मालकाला सांगितलं नाही. एक शब्दही देतो, वापरा: विहिरीतला गाळ आणि दगड वर ओढायला जी उभी करतात ती ‘यारी’. मंडळी खाली उतरतात तीही यारीनेच.

---

केळीचं_पान
रविवार, रात्री ११:५८

नाना, मुरूमदादा, दोघांचेही मनापासून आभार. भिंतीवरचा चुन्याचा थर वाचून अंगावर काटा आला. चारशे वर्षं पाण्याने दगड घडवला, थेंबाथेंबाने. माझ्या बाईला हेच दिसेल तिथे. कंदीलही घेते आणि यारीही.

---

धडगावची_मुलगी
सोमवार, सकाळी ७:२०

धागा आवडला, तरी एक गोष्ट आताच सांगते, नंतर उशीर होईल.

सातपुडा, गुप्त मंडळी आणि शरीराला इजा हे तीन शब्द एकत्र आले की लिहिणारे लगेच भिल्ल, पावरा, तडवी असं कोणीतरी आणतात. अंधार, ढोल, मशाली. कृपा करून तसं करू नका. आमच्यात अंगावर जे केलं जातं ते लपून केलेलं नसतं.

माझ्या आजीच्या हातांवर, हनुवटीवर आणि डोळ्यांच्या कडांना गोंदण होतं. ते भर बाजारात काढलेलं. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात तिथे गोंदणारे बसायचे, अजूनही बसतात, फक्त आता हातात सुयांच्या जुडीऐवजी बॅटरीवरचं मशीन असतं. आजी सांगायची की चार मैत्रिणी एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या, रडत होत्या आणि हसतही होत्या. मी विचारलं, एवढं कशाला सोसलं? म्हणाली, मेल्यावर चांदी काढून घेतात, लुगडं काढून घेतात, गोंदण कोणी काढत नाही. तेवढंच सोबत येतं.

होळीला आमचे पुरुष बुध्या, बावा होतात. काही दिवस अंघोळ नाही, खाटेवर झोपणं नाही, अंगावर राख आणि ठिपके, कमरेला भोपळे. तोही देहाला त्रासच आहे. पण अख्खा गाव सोबत नाचतो. म्हणून मला तुमच्या कथेत हाच प्रश्न पडला: तुमच्या लोकांना लपावं का लागतं? त्यांना गाव सोबत का नाही? याचं उत्तर सापडलं तर कथा सापडेल असं मला वाटतं.

---

केळीचं_पान
सोमवार, सकाळी ८:०५

ताई, तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. माझे खालचे आदिवासी नाहीत, सगळ्या जातींचे मजूर आहेत. तरीही पहिल्या मसुद्यात ढोलाचा आवाज होता. तो कुठून आला मलाही ठाऊक नाही. काढून टाकते.

तुमच्या प्रश्नावर दिवसभर विचार करते.

---

वाचनवेडी
सोमवार, दुपारी १:४०

जगभरातलं थोडं सांगते, तुलनेला उपयोगी पडेल.

चीनमध्ये मुलींचे पाय बांधायचे. चार-सहा वर्षांची पोर, पायाची बोटं तळव्याखाली दुमडून पट्टीने आवळायची, हाडं मोडेपर्यंत. तीन इंचांचं पाऊल आदर्श मानायचे. शेकडो वर्षं चाललं, प्रजासत्ताक आल्यावर १९१२ मध्ये बंदी आली, तरी आडगावांत नंतरही काही काळ सुरू होतं. म्यानमारमधल्या कायान बायकांच्या गळ्यातली पितळी कडी तुम्ही फोटोत पाहिली असतील. मान लांब झालीय असं वाटतं, पण मान तेवढीच असते. कड्यांच्या वजनाने गळपट्टीचं हाड आणि वरच्या बरगड्या खाली दाबल्या जातात. दक्षिण अमेरिकेत पाराकासच्या लोकांत आणि काँगोतल्या मांगबेटूंमध्ये तान्ह्या बाळाचं डोकं बांधून लांबट करायचे.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. ज्याचं शरीर, तो लहान आहे. घडवणारा मोठा आहे. आई आहे, आजी आहे, प्रेमानेच करते आहे, पण पोराला विचारलेलं नाही. तुमचा नियम याच्या बरोबर उलटा आहे, ‘ज्याचं अंग त्याचाच हात’. तो जपा. कथेत कोणी लहान मूल आणलंत तर तो नियम मोडायचा मोह होईल. मोडलात तर कथा भयाची होईल, आणि ती तुमची कथा नाही असं वाटतं.

---

जुनी_तालीम
सोमवार, संध्याकाळी ६:१०

ताई, आपणहून दुखणं पत्करणारी माणसं पाहायची असतील तर लांब कशाला जाता? कुस्तीच्या आखाड्याशेजारी उभ्या असलेल्या कुठल्याही जुन्या पैलवानाचे कान बघा.

माझे दोन्ही कान मोडलेले आहेत. डोकं डोक्याला घासून, पकडीत रगडून कानात रक्त साकळतं. कुर्चा, म्हणजे कानातलं मऊ हाड, आणि कातडी सुटी होते, कुर्चेला रक्त मिळत नाही, आणि मग सगळं गोळा होऊन कडक होतं. पहिल्या वेळी कान असा तापतो की उशीला टेकवता येत नाही. आठवडाभर मी बसून झोपलो. डॉक्टरकडे जाऊन रक्त काढून घेता येतं, वस्ताद सांगायचेही, पण आम्ही पोरं जायचो नाही. सरळ कानाचा पैलवान म्हणजे कालचा पोरगा. कान मोडला की दुसऱ्या तालमीतला माणूसही न बोलता जागा देतो. बसमध्ये अनोळखी म्हाताऱ्याने कानाकडे बघून “कुठली तालीम?” विचारलंय मला, दोनदा.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: पटेल. माणूस दुखणं मागत नाही, माणसं मागतो. दुखणं वाटेत येतं.

---

पांझराकाठ
सोमवार, रात्री ९:३३

मला हे पटत नाही. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

माझे वडील धुळ्याला मार्केटात हमाल होते. तीस वर्षं पोती वाहिली, शंभर किलोचं पोतं मानेवर. शेवटी शेवटी मान डावीकडे कलली आणि पाठीला पोक आलं. गोणीचा सुतळीचा कडा जिथे टेकायचा तिथे कातडीचा घट्टा झालेला, टाचेसारखा. शाळेत निबंध लिहायचा होता तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, तुम्हाला काय व्हावंसं वाटतं. ते म्हणाले, काही नाही, आडवं व्हावंसं वाटतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळण होते ना? जू घासून सुजलेल्या खांद्याला लोणी-हळद चोळतात. आम्ही बैलाचं करायचो, मामांच्या मळ्यात. वडील बाजूला उभे राहून बघायचे. त्यांच्या खांद्याला कोणी कधी लावलं नाही. मीही नाही. आज हे लिहितानाही मला त्याचं वाईट वाटतं.

अशा माणसांना तुम्ही रात्री विहिरीत उतरवता आणि वर आणखी दुखवता. ज्याचं अंग कामाने मोडलंय तो आराम मागतो. दुखणं निवडायची हौस ज्याला कधी दुखलं नाही त्याला असते. आजीबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, मला भिडलं. पण आजी स्वतः काय म्हणाली असती? करंगळी परत मोडून सरळ करायची का, विचारलं असतं तर?

---

केळीचं_पान
सोमवार, रात्री ११:२०

भाऊ, राग कसला. तुमच्या वडिलांबद्दल वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

आजी काय म्हणाली असती? खरं सांगू, ती म्हणाली असती, “राहू दे, बाई, भाकरी करू दे.” हे मला ठाऊक होतं, पण मी स्वतःपासून लपवत होते. माझ्याकडे आत्ता उत्तर नाही.

---

आखाजी
मंगळवार, सकाळी ६:५०

ताई, मी अहिरानीमाच लिखस, रागे भरू नका. आमना गावमा आखाजीले बारागाड्या ओढतस. मना आजोबा भगत व्हतात. त्यास्ना पाठवर दोन जुना वण व्हतात, गळना. मी धाकला व्हतू तवय इचारं, आबा, दुखनं नही का? त्या म्हनेत, दुखनं ना, पन गाड्या चालन्यात ना.

ज्यांना बारागाड्या ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी मराठीत: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात, त्यांवर माणसं बसतात, आणि नवसाचा भगत त्या ओढतो. दोन्ही बाजूंना त्याला सावरणारे असतात, त्यांना ‘बगले’ म्हणतात. आता गळ, म्हणजे पाठीत अडकवायचा आकडा, कोणी लावत नाही, नुसता ओढण्याचा मान आहे.

माझं म्हणणं बगल्यांबद्दल आहे. भगत सगळ्यांना दिसतो. पण बगल्याशिवाय भगत चार पावलं चालणार नाही. बगला ओढत नाही, तो काखेत हात घालून सोबत पळतो आणि पडू देत नाही. तुमच्या नियमात “दुसऱ्याने फक्त शेजारी बसायचं” असं आहे. तो शेजारी बसणारा म्हणजे बगला. माझ्या मते तुमची कथा त्याच्या डोळ्यांतून सांगा.

---

आधार
मंगळवार, दुपारी १२:१५

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दोन गोष्टी.

पहिली, शरीराला जुना आकार आठवतो. वाकडे पाऊल घेऊन जन्मलेली बाळं आमच्याकडे येतात. पोनसेटी पद्धतीत दर आठवड्याला हलक्या हाताने पाऊल थोडं सरळ करून प्लास्टर घालतात. पाच-सहा प्लास्टरांत पाऊल सुंदर सरळ येतं, टाचेची शीर जराशी मोकळी करावी लागते. मग खरी परीक्षा. एका दांडीला जोडलेले बूट बाळाला पहिले तीन महिने जवळजवळ दिवसरात्र आणि मग रोज झोपताना घालायचे, चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. बाळ रडतं, आईबाप बूट काढतात, आणि पाऊल हळूहळू पूर्वीच्या जागी वळायला लागतं. तुमच्या खालच्यांनी एक वर्ष खपून बोट सरळ केलं तरी त्यांना ते रोज राखावं लागेल. मला वाटतं ही मंडळी एकदा उतरली की सुटत नाही ती यामुळे. शपथेबिपथेची गरज नाही.

दुसरी गोष्ट कळकळीने सांगते. अठरा-वीस वर्षांची मुलं हे वाचतील. काहींना आपल्या शरीराचा राग आधीच असतो. कसं वाकवलं, कशाने बांधलं, किती घट्ट, हे तपशील देऊ नका. कथेला त्यांची गरजही नाही. आणि हे वाचणाऱ्या कोणाला स्वतःला इजा करावीशी वाटत असेल तर कृपया एकट्याने सोसू नका, घरातल्या कोणाशी, मित्राशी, डॉक्टरशी आजच बोला.

---

केळीचं_पान
मंगळवार, दुपारी १:०२

मान्य, अगदी मान्य. रीत लिहिणार नाही. शेजारचा माणूस काय पाहतो तेवढंच.

---

वाटसरू_पारोळा
मंगळवार, रात्री १०:४५

इतके दिवस नुसता वाचक होतो, पहिल्यांदाच लिहितोय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पायात आहे.

महामार्गावर ट्रकने उडवलं. नडगीचं हाड चुरलं, पहिली शस्त्रक्रिया चिघळली, सडलेला तुकडा काढावा लागला. पाय चार सेंटिमीटर आखूड. मग इलिझारोव्ह लावलं. गावरिल इलिझारोव्ह हा सैबेरियातल्या कुर्गान शहरातला डॉक्टर. पायाभोवती लोखंडी कड्या, त्यांतून हाडात आरपार गेलेल्या तारा, आणि कड्यांना जोडणाऱ्या आट्याच्या दांड्या. हाड मुद्दाम कापतात, काही दिवस थांबतात, आणि मग रोज एक मिलिमीटर फाक वाढवतात. मधल्या फटीत नवीन हाड धरतं. मिलिमीटरपेक्षा हळू गेलात तर हाड आधीच जुळून बसतं, घाई केलीत तर फटीत हाड धरतच नाही आणि नसा ताणतात. तो मिलिमीटरही एकदम नाही, चार वेळा पाव-पाव.

आणि तो पाव मिलिमीटर डॉक्टर देत नाही. पाना पेशंटच्या हातात देतात. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. कालनिर्णयवर मी रेघा मारायचो, दिवसाला चार. चाळीस दिवस.

दुखणं कसं असतं विचारलंत. पाना फिरवताना दुखत नाही. तिथे लोक चुकतात, सिनेमातही. फिरवताना नुसतं काहीतरी हलल्यासारखं वाटतं. दुखणं नंतर येतं, रात्री दोनला, पोटरी दोरीसारखी ताणलेली असते तेव्हा. पाऊल खाली पडायला बघतं, त्याला पट्टा लावून वर ओढून ठेवायचं. चादर तारांना लागली तरी डोळ्यांत पाणी. बायकोने पायजम्याची एक बाजू उसवून तिला नाड्या लावल्या होत्या, कड्यांवरून घालता यावा म्हणून. तारांच्या भोकांभोवती खाज सुटते, ती दुखण्याहून वाईट. आणि सर्वांत जास्त ओरडलो ते व्यायामाच्या टेबलावर. आधार ताईंना ठाऊक असेल.

पांझराकाठ भाऊ, तुमच्या वडिलांचं वाचून मलाही भरून आलं. तुमचं खरं आहे, दुखलेला माणूस आराम मागतो. मीही मागत होतो. पण एक सांगतो. ट्रकने दिलेलं दुखणं आणि पान्याने घेतलेलं दुखणं, पाय एकच, तरी दोन्ही वेगळी होती. पहिल्यात मी नुसता पडलेला होतो. दुसऱ्यात रात्री बारा वाजता घरातले सगळे झोपलेले असायचे, मी दिवा न लावता चाचपून पाना लावायचो, आणि त्या पाव मिलिमीटरवर माझी सत्ता होती. साडेपाच महिन्यांनी कड्या निघाल्या. निघाल्या त्या रात्री बाराला जाग आली आणि हात उशाखाली पाना शोधत होता.

हे कोणाला मी याआधी सांगितलं नव्हतं.

---

पांझराकाठ
मंगळवार, रात्री ११:१८

भाऊ, कळलं. वडिलांच्या हातात पाना कधी आलाच नाही. एवढंच म्हणतो.

---

केळीचं_पान
गुरुवार, रात्री ११:४०

दोन रात्री बसून एक प्रसंग नव्याने लिहिला. सांगणारा आता बगला आहे. धडगावच्या ताईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं निघालं: हे लोक गावापासून लपत नाहीत, मस्टरपासून लपतात. ज्याचं अंग रात्री दुखतं तो सकाळी कमी खडी फोडतो, आणि ते मुकादमाला दिसलं की नाव कटतं. चुका सांगा.

“कंदील जळत राहिला म्हणून आम्ही उतरलो. यारी कुरकुरू नये म्हणून तिला तेल दिलं होतं, तेही तिघांच्या घरचं थोडं थोडं. खाली पाणी घोट्याएवढं. भिंत पांढरी आणि ओली.

बाई तिच्या जागेवर बसली. तिने हात मांडीवर ठेवला आणि आटा फिरवला, पावच. मी तिच्या डावीकडे बसलो होतो. तिच्या तोंडाकडे बघायचं नाही असा आमचा रिवाज, म्हणून मी भिंतीकडे बघितलं. तिने विचारलं, किती झाले? मी म्हटलं, एकतीस. ती म्हणाली, मुकादमाने एका दिवसात केलं ते. मग हसली.

तेवढ्यात वरून हमाल उतरला. नवा होता. त्याची मान कललेली, पाठीला पोक. म्हाताऱ्याने विचारलं, तू काय घडवणार? तो इकडेतिकडे बघत राहिला. मग म्हणाला, मला काही घडवायचं नाही. मला आडवं व्हायचंय. वर जागा नाही.

कोणी काही बोललं नाही. म्हाताऱ्याने आपलं घोंगडं कोरड्या कट्ट्यावर अंथरलं. बाईने पदरातून लोण्याची पुडी काढली, तिच्या बोटासाठी आणलेली, आणि माझ्या हातात दिली. हमाल पाठीवर निजला. मी त्याच्या खांद्याला लोणी लावलं. घट्टा टाचेसारखा होता. तो झोपला तेव्हा पुढचा आटा फिरवायची वेळ झाली होती, पण बाई म्हणाली, थांबू या, त्याला जाग येईल.”

---

वाटसरू_पारोळा
शुक्रवार, सकाळी ७:१०

एकतीस मोजणं बरोबर आहे. आम्हीही आकडाच बोलायचो, दुखणं नाही.

---

मुरूम
शुक्रवार, सकाळी ९:२५

उन्हाळ्यात पाणी घोट्याएवढं ठीक. पण कट्टा कोरडा राहणार नाही, भिंत पाझरते. घोंगड्याखाली केळीची सोपटं अंथरा.

---

पांझराकाठ
शुक्रवार, रात्री १०:०२

वाचलं. तीनदा वाचलं. एक दुरुस्ती आहे, ताई. पोक आलेल्या माणसाला पाठीवर निजता येत नाही. वडील डाव्या कुशीवर झोपायचे, गुडघे पोटाशी घेऊन, उजवा हात उशाखाली. लोणी लावायचं तर मागे बसून लावावं लागेल.

---

केळीचं_पान
शुक्रवार, रात्री १०:०९

बदलते, भाऊ. आत्ताच.